शेजारणीचं दुखणं

साल्मेडाँडा
ज्येष्ठ २२, विक्रम संवत २०५७

मनकला मैयाँ यांस,

तुमचं पत्र शाळेच्या मास्तरांबरोबर आलं. आमांना दोनदा वाचून दाखवलं. पोखऱ्यात लेकीला तूप मिळतं की ती नुसतं तेलावर भागवते, हे विचारायला त्यांनी सांगितलंय. म्हैस व्याली. रेडकू नर निघालं म्हणून आमा अजून गोठ्यात गेल्या की त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहतात. मक्याची खुरपणी उरकत आली. तुमच्या दाइंचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, कतारहून बऱ्याच दिवसांत काही नाही, पण काम चालू आहे असं वरच्या घरच्या मुलानं फोनवर ऐकलं.

एक विचारायचं होतं. गावातली एक बाई आहे. नाव लिहीत नाही, तिनं मला माझ्या मुलींची शपथ घातली आहे. तिचं अंग बाहेर येतं. उकिडवं बसलं, गवताचा भारा उचलला, खोकला आला, की खाली काहीतरी उतरतं. पूर्वी आडवं पडलं की आपसूक आत जायचं, आता हातानं सारावं लागतं. सारल्याशिवाय लघवीही धड होत नाही. पांढरं जातं आणि त्याला वास येतो. ती आत जुन्या धोतराची घडी ठेवते आणि त्यावर कमरेचा पटका घट्ट आवळून कामाला जाते. कुणी ओव्याची धुरी सांगितली, ती घेऊन झाली.

आरोग्य चौकीत जाऊ म्हटलं तर म्हणते, ओळखीच्या माणसापुढे पाय उघडण्यापेक्षा कड्यावरून उडी टाकेन. तुम्ही तिथे बायकांच्याच वॉर्डात आहात. काय करावं ते लिहा. साध्या शब्दांत लिहा, म्हणजे मला वाचून सांगता येईल.

तुमची भाउजू,
तीर्था

•

पोखरा
आषाढ ४, २०५७

भाउजू,

तूप मिळतं. आमाच्या हातचं नाही, म्हणून तेलावर भागवते असं सांगा, ती खूश होईल.

आता तुमच्या शेजारणीबद्दल. तिला झालंय ते लाजण्यासारखं काही नाही आणि विरळाही नाही. आमच्या वॉर्डात डोंगरातून आलेल्या बायकांच्या खाटा याच दुखण्यानं भरलेल्या असतात. गर्भाशयाला धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात आणि ते खाली सरकतं. ओली बाळंतीण टोपली उचलायला लागली, की याची सुरुवात होते. धुरीनं ते वर जात नाही, उलट आतली कातडी भाजते.

घडी ठेवणं आज बंद करायला सांगा. ओलं कापड आत राहिलं की तिथे जंतू वाढतात. पांढरं जाणं सगळं एकसारखं नसतं. दह्यासारखं आणि खाज सुटत असेल तर बुरशी असते, वास मारत असेल तर दुसरं काही, आणि दोन्हींची औषधं वेगळी. म्हणून तपासल्याशिवाय मी गोळी लिहून देणार नाही. तोवर साध्या पाण्यानं बाहेरून धुवायचं, पुढून मागे. आत साबण नको, राख नको, मीठ नको. कापडं उन्हात वाळवायची. आपल्याकडे ती दुसऱ्या कपड्याखाली लपवून सावलीत वाळवतात, तिथूनच अर्धी दुखणी सुरू होतात.

आषाढाच्या मध्यावर खालच्या बाजाराच्या शाळेत काठमांडूच्या डॉक्टरबाईंचं शिबिर आहे. ओळखीचं कुणी नसेल. रबराची एक कडी बसवतात, तिच्यानं अंग वर राहतं. दुखत नाही.

एक सांगू का? इथे खिडकीशी येणारी जवळजवळ प्रत्येक बाई शेजारणीचंच दुखणं घेऊन येते. मी तिला शेजारणीचं वय विचारते, मुलं किती विचारते, आणि ती सगळं घडाघडा सांगते. तुम्ही बत्तीस वर्षांच्या आहात, दोन बाळंतपणं झालीत, धाकटीच्या वेळी आठवडाभरात शेतात गेला होतात हे मला माहीत आहे. ती शेजारीण तुम्हीच असाल तर माझ्यापासून लपवू नका. मी नणंद नंतर आणि नर्स आधी.

मनकला

•

साल्मेडाँडा
आषाढ २७, २०५७

मैयाँ,

रोपणी संपली. हात अजून चिखलात असल्यासारखे वाटतात.

शिबिराला जाऊन आले. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, फार विचारलं नाही. कडी बसवली. वासाच्या गोळ्याही दिल्या, त्या संपल्या आणि वास गेला. चालताना कडी कळत नाही. घरी परतताना चढावर एकदाही बसावं लागलं नाही, हे लिहिताना मलाच खरं वाटत नाही.

तुम्ही विचारलंत. हो, मीच समजा. पण आमांच्या नावे येणाऱ्या पत्रात हे लिहू नका. त्या शेजारी बसून वाटाणे सोलताहेत आणि इतकं काय लिहितेस म्हणून विचारताहेत. मी म्हटलं, रेडकाबद्दल लिहिते. त्यावर म्हणाल्या, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काय आहे.

आता पुढे काय जपायचं ते सांगा.

तीर्था

•

पोखरा
श्रावण ९, २०५७

भाउजू,

पत्र वाचून हलकं वाटलं. तुम्ही कबूल केलंत हे मोठं काम झालं. बायका वर्षानुवर्षं करत नाहीत.

कडी महिन्यातून एकदा काढायची, साबणाच्या पाण्यानं धुवून, हात स्वच्छ करून परत बसवायची. शिबिरात दाखवलं असेलच. रक्त दिसलं, वास परतला किंवा बसताना खुपायला लागलं तर लगेच तपासायला जायचं. लघवी अडवून धरतो तसं तिथलं अंग आवळायचं आणि सोडायचं, दिवसातून जमेल तितक्या वेळा, भांडी घासतानासुद्धा चालेल. तुमचं वय लहान आहे, स्नायू अजून ऐकतील.

आणि जड उचलायचं नाही. खताची टोपली नाही, पाण्याची घागर नाही, लाकडाचा भारा नाही. घरात आमा आहे. तिला नीट सांगा, ती अजून दणकट आहे, तुमच्यापेक्षा जास्त ओझं आजही नेईल. माझ्या नावानं सांगा. तिनं कुरकुर केली तरी तिला कामाचीच आवड आहे.

मी दाइला कतारला पत्र टाकून तुमच्या दुखण्याचं कळवलंय. तिच्यावर सगळा भार टाकू नकोस, गरज पडली तर तिला पोखऱ्याला येऊ दे, इतकंच पुढे लिहिलंय. नवऱ्याला अशा गोष्टी कळायला हव्यात असं मला वाटतं.

मनकला

•

साल्मेडाँडा
भाद्रपद १०, २०५७

मैयाँ,

तुम्ही दाइंना लिहायला नको होतं.

त्यांचं पत्र आलं. आमांच्या नावे होतं, म्हणजे वाचणारी मीच. सगळे परड्यात बसले होते, आमांचे मधले दीर, माहिला काकाही आले होते. मी वाचायला लागले. तब्येत, उकाडा, नवा मालक. मग पुढचं दिसलं आणि मी न थांबता मुलींना आशीर्वाद, म्हशीची काळजी घ्या, असं मनानंच जोडून पत्र संपवलं. काका म्हणाले, इतकं लांब पत्र आणि मजकूर एवढासाच? मी म्हटलं, अक्षर मोठं आहे.

न वाचलेलं तुम्हाला लिहिते. ‘मनकला लिहिते की तीर्थाला बायकांचा रोग झालाय आणि तिच्यानं आता ओझं उचलवणार नाही. आई, तू म्हातारी झालीस. घराला हातपाय चालणारी बाई हवी. माहिला काकांनी मागे त्यांच्या साडूच्या मुलीचं सुचवलं होतं, तेव्हा मी नको म्हटलं होतं. आता तुझ्या मनात काय आहे ते कळव. तीर्था राहू दे, तिला कुणी काढत नाही.’

रागानं लिहिलेलं नाही. बाजारहाट लिहावा तसं लिहिलंय.

यंदा तीजेला मी माहेरी जात नाही. आई वाट बघेल, पण घर सोडवत नाही.

तीर्था

•

पोखरा
भाद्रपद १३, २०५७

भाउजू,

घाईत लिहिते, मास्तर उद्या सकाळी निघताहेत.

माझं चुकलं. दाइला आजच दुसरं पत्र टाकते. कडी बसवलेली बाई सगळी कामं करते, फक्त ओझं नको, असं स्पष्ट लिहिते. तो ऐकेल की नाही माहीत नाही.

तीजेचा उपास पाण्याशिवाय करू नका. ऋषिपंचमीला ओढ्यावर जाल तेव्हा आघाड्याच्या काड्या, स्नान, पूजा सगळं करा, पण लाल माती आणि शेण त्या जागी लावू नका. दरवर्षी पंचमीनंतर आमच्याकडे जंतू झालेल्या बायकांची रांग लागते. कडी काढू नका. पाप धुवायला ऋषींना इतक्या आत जायची गरज नाही, असं मी लिहिलंय म्हणून आमाला सांगू नका.

मनकला

•

साल्मेडाँडा
भाद्रपद २८, २०५७

मैयाँ,

हे पत्र पोचेल त्याच्या मागोमाग आम्हीच पोचू. तरी लिहिते, कारण तोंडावर मला सांगता येणार नाही.

ते दुखणं माझं नाही. आमांचं आहे. पहिल्यापासून त्यांचंच. ‘मनकलाला कळलं तर मी जीव देईन, जिला मी जन्म दिला तिनं ते बघायचं का?’ असं म्हणून त्यांनी मला मुलींची शपथ घातली. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर तुम्ही कोण, कोण करत राहिला असतात आणि औषध थांबलं असतं. शिबिरात त्यांना मी नेलं होतं. दारात उभी होते.

तुम्ही लिहिलंत, आमाला ओझं उचलू दे. ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही. दोघींचंही ओझं मी उचलत होते. माझी तक्रार नाही, पण खतं वाहायचे दिवस होते आणि मी शेताच्या दुसऱ्या टोकाला गेले की त्या टोपली कपाळाला लावायच्या.

पंचमीचं तुमचं पत्र वेळेत आलं. मी सांगितलं, मनकला मैयाँनी माती लावू नको म्हटलंय. त्या म्हणाल्या, ‘ते तुला लिहिलंय, मला नाही. तुझ्या विटाळाचे दिवस अजून बाकी आहेत, तू पुढच्या वर्षी धुशील. माझं हे व्रत संपवायचं वर्ष आहे.’ आणि कडीबद्दल म्हणाल्या, ‘ऋषींच्या पुढ्यात अंगात रबर घेऊन बसू?’ ओढ्यावर सगळ्या बायकांत त्या पाण्यात उतरल्या, पदराआड कडी काढली आणि केळीच्या पानात गुंडाळून दगडावर ठेवली. मग माती, शेण, जिथे जिथे लावायचं तिथे तिथे, विधीप्रमाणे. परतताना कडी बसेना. संध्याकाळपर्यंत अंग पुरतं बाहेर आलं होतं.

त्यांनी मला कळू दिलं नाही. पुन्हा घडी, पुन्हा पटका. ताप चढला तेव्हा मला वाटलं उपासानं. मग लघवी तुंबली आणि त्या भिंतीला धरून ओरडल्या, तेव्हा मी पटका सोडला. जखम झाली आहे, मैयाँ, आणि पू आहे. बाकी काय लिहू, तुम्ही बघालच.

चला म्हटलं तर नाही. पोखरा म्हटलं तर तोंड फिरवलं. काकांना बोलावते म्हटलं तर म्हणाल्या, त्याला सांगितलंस तर मी पाणीसुद्धा घेणार नाही.

मग मी रागावले. इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. दाइंचं पत्र पेटीतून काढलं आणि गाळलेलं सगळं वाचलं. साडूच्या मुलीसकट. त्या ऐकत राहिल्या.

‘हे कधी आलं?’

‘तीजेआधी.’

‘आणि तू अक्षर मोठं आहे म्हणालीस.’

मी पत्राची घडी घातली. त्या म्हणाल्या, ‘माझं अंग खाली आलं म्हणून माझा मुलगा तुझ्यावर सवत आणतोय. आणि तू माझ्यासाठी ते पण गिळणार होतीस?’ मी म्हटलं, शपथ तुम्हीच घातली होती. त्या म्हणाल्या, ‘घातली होती. आता उतरवते. टोपली आण.’

वरच्या घरचे दोघे आळीपाळीनं त्यांना टोपलीत बसवून बसच्या रस्त्यापर्यंत नेणार आहेत. तुझ्या नणंदेला आधी कळव, असं त्यांनीच सांगितलं. म्हणून लिहिते.

तीर्था

•

पोखरा
आश्विन २४, २०५७

भाउजू,

तुम्ही मुलींसाठी परतलात ते बरं केलंत. आता इथलं लिहिते.

ताप उतरला. लघवीची नळी काढली, आपली आपण होते. जखमेतला लहान तुकडा तपासायला पाठवला होता, त्यात काही वाईट निघालं नाही. जखम भरेपर्यंत शस्त्रक्रिया करत नाहीत. रोज मिठाच्या उकळलेल्या पाण्यानं धुवायचं, अंग हलक्या हातानं आत सारायचं, औषधात भिजवलेली पट्टी आत ठेवायची, खाटेची पायाकडची बाजू विटांवर उंच करायची. पट्टी दुसऱ्या दिवशी काढायची आणि मोजून काढायची, आत एकही राहता कामा नये. मी हे इतक्या बायकांचं केलंय की हात आपोआप चालतात.

आमाचं मात्र मला करू दिलं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, तू माझ्या पोटची, तू पडद्याबाहेर. सुकमाया गुरुङ नावाची माझी मैत्रीण करायची. बाहेरची पोर तिला चालायची. मी पडद्याबाहेर ट्रे धरून उभी राहायचे. भाउजू, मी या वॉर्डात एवढी वर्षं आहे आणि पडद्याच्या त्या बाजूला कधी उभी राहिले नव्हते. तिथून नुसते आवाज येतात. चिमट्याचा, पाण्याचा, आणि आमाच्या श्वास धरण्याचा.

तुमची पत्रं काढून पुन्हा वाचली. ‘समजा’ हा शब्द तुम्ही लिहिला होता. मी तो वाचला नाही. मला जे दिसायला हवं होतं ते मी बघितलं. आमा दणकट आहे, हे तर मी शाळेत असल्यापासून धरून चालले होते.

दसऱ्याच्या टीकेच्या दिवशी सुकमायासुद्धा सुट्टीवर गेली. वॉर्डात मी एकटी. आमाला म्हटलं, आज तुला मी किंवा कुणीच नाही. ती भिंतीकडे बघत म्हणाली, ‘सगळ्यांचं असंच करतेस? की माझं म्हणून जास्त जपून?’

‘सगळ्यांचं असंच.’

‘म्हणजे मी काही वेगळी नाही.’

‘इथे नाही.’

तिनं गुडघे सैल सोडले. मी माझं काम केलं. जखमेच्या कडा गुलाबी झाल्यात, भरून येतेय. हात धुवून आले तर ती शेजारच्या खाटेवरच्या बाग्लुङच्या बाईला सांगत होती की तिची मुलगी पट्टी करते ती दुखत नाही. त्या बाईनं विचारलं, तुम्हाला काय झालंय? आमा म्हणाली, अंग बाहेर आलंय. वॉर्डभर ऐकू गेलं. मग तिच्याकडे बघून बाग्लुङची बाईही म्हणाली, माझंही तेच. ती आल्यापासून पोटदुखी सांगत होती.

कार्तिकात शस्त्रक्रिया होईल. आमाच्या कपाळाला टीका मी लावली, तांदूळ रुग्णालयाच्या भातासाठी आले होते त्यातले घेतले.

दाइला मी काही लिहिलेलं नाही. आमा म्हणते, ते पत्र ती देईल.

मनकला

•

पोखरा
मार्गशीर्ष २, २०५७

टीकाराम,

हे मनकला लिहिते आहे, पण बोलते आहे मी. तिला सांगून ठेवलंय, सांगेन ते सगळं लिही. गाळलंस तर मी दुसऱ्या नर्सकडून वाचून घेईन.

तुझ्या बायकोला काही झालेलं नाही. जे झालं ते मला झालं. आईनं मुलाला असं सांगू नये हे मला कळतं. पण तुम्ही पुरुष परड्यात बसून जे ठरवता ते याच्यावरूनच ठरवता, मग तुला ऐकायलाही हवं.

तू पायाळू होतास. सुईण म्हणाली होती एकच जीव वाचेल, दोन्ही वाचले. तुझं बारसं झालं त्याच दिवशी मी खताची टोपली कपाळाला लावून वरच्या शेतात गेले, कारण तुझी आजी म्हातारी होती आणि घराला हातपाय चालणारी बाई हवी होती. त्या चढावर पहिल्यांदा अंग खाली आलं. तेव्हापासून मी ते बांधून चालत होते. मनकला त्यानंतर झाली. तुझ्या बापाला कळलं नाही, कळलं असतं तर त्यानंही तुझ्यासारखंच पत्र लिहिलं असतं.

तीर्थानं माझं दुखणं स्वतःच्या नावावर लिहिलं. तिच्याबद्दल तू जे लिहिलंस ते तिनंच वाचलं, सगळ्यांसमोर, आणि आवाज न हलवता तुझ्या नावानं मुलींना आशीर्वाद दिले. ते आशीर्वाद तू पाठवले नव्हतेस.

पिशवी काढली. आता बसते, चालते, जिन्यानं खाली जाते. डॉक्टर म्हणतात जड उचलायचं नाही, कधीच नाही. मी ठरवलंय, तीर्थाही उचलणार नाही. ती अजून धड आहे, ती धडच राहिली पाहिजे. तुझ्या काकाला मी निरोप धाडलाय की साडूची मुलगी दुसऱ्या घरी द्या, इथे बाईची जागा भरलेली आहे. खत वाहायला माणूस लागेल. त्याला पुरुष चालेल. तू फाल्गुनात सुट्टीवर येशील तेव्हा टोपली गोठ्याच्या भिंतीला आहे.

तुला राग आला तर येऊ दे. मलाही आला होता, तो या पत्रात संपला.

उत्तर पाठव. नाव माझं घातलंस तरी वाचणार तीर्थाच आहे. मला अक्षर येत नाही, ती वाचते तेवढंच मी ऐकते. म्हणून लिहायला बसशील तेव्हा ते तिलाच लिहितो आहेस असं समजून लिही.

तुझी आई